पुढची डावी सीट

हिरूच्या जीपने जीव सोडला तेव्हा मी तिच्यातच बसले होते. मागच्या बाकावर, दाराकडून दुसरी, मांडीवर रजिस्टरांची पिशवी आणि पायाशी शेजारच्या चिंधीची कोंबड्यांची पाटी. कशेळ्याचा सकाळचा बाजार आटोपून गाडी वर उंबरवाडीला निघाली होती. इंजिनातून आधी गिरणीत खडा अडकावा तसा आवाज आला, मग धूर, मग काहीच नाही. हिरू उतरला, बॉनेट उघडून आत बघितलं, बॉनेट परत लावलं आणि खिशातून तंबाखूची पुडी काढली.

“काय झालं रं?” नवशाने मागून विचारलं.

“इंजिन बसलं. आता उठायचं नाय,” हिरू म्हणाला. “उतरा. चाला.”

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. सत्तावन्नावं वर्ष चालू होतं, दोन्ही गुडघे कुरकुरत होते आणि पुढे नडगी होती. नडगी म्हणजे वाडीच्या आधीची दीड किलोमीटरची चढण. चढून गेलं की पायाच्या पुढच्या हाडात कळ येते, म्हणून तिला ते नाव. कुणी दिलं माहीत नाही, पण विचार करून दिलं असणार.

खरं तर नडगी आम्ही रोजच चालायचो. हिरूची जीप पूर्वीही काही पैलवान नव्हती. भरली जीप नडगीला लागली की गुदमरायची, म्हणून पायथ्याशी सगळ्यांनी उतरायचं हा वाडीचा रिवाजच झाला होता. आजारी, पोटुशी आणि फार म्हातारी तेवढी बसून राहायची. बाकीचे गाडीच्या धुरात मागे मागे चालायचे आणि एक जण हातात मोठा दगड घेऊन चाकाशी राहायचा, गाडी मागे यायला लागली तर चाकाखाली सारायला. वर सपाटीला लागलं की सगळ्यांनी पुन्हा बसायचं. तिथून वाडी हाकेच्या अंतरावर, तरी बसायचं, कारण भाडं वाडीपर्यंतचं दिलेलं असतं.

मी उंबरवाडीच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका. राहते कर्जतला, दहिवलीत. सकाळी एसटीने कशेळे, तिथून हिरूच्या जीपने वर, संध्याकाळी उलट. असं अठरा वर्षं. बदली मागून मागून थकले, मग मागायचंही सोडलं. आता निवृत्तीला वर्ष राहिलंय. या अठरा वर्षांत मी नवऱ्याच्या शेजारी जेवढी बसले नसेन तेवढी या जीपमध्ये बसले आहे. आणि तिच्या मालकाबद्दल मला जेवढं माहीत आहे, तेवढं त्याच्या बायकोला, मैनालाही नसेल. एक गोष्ट तर नक्कीच नाही.

हिरू वाडीतलाच, ठाकराचा. बाप डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन कशेळ्याच्या बाजाराला उतरायचा. पोराने पंधराव्या वर्षी मोळी टाकली आणि खोपोली गाठली. तिथे ट्रकवर क्लीनर. बोरघाटात ट्रक मागे यायला लागला की चालत्या गाडीतून उडी मारायची आणि चाकामागे लाकूड सारायचं, हे त्याचं पहिलं शिक्षण. मग लायसन्स, मग दुसऱ्यांची गाडी, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कशेळ्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली ही जुनी जीप. वाडीतलं पहिलं इंजिन त्याचं. त्या दिवशी गाडीला नारळ फोडला तर म्हातारीकोतारी टायरला हळदकुंकू लावून गेली म्हणे.

आता चोपन्न वर्षांचा आहे. बोलतो कमी. कशेळ्याच्या नाक्यावर गाडी भरेपर्यंत स्टिअरिंगवर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ ठेवून झोपतो. भरली की कुणीतरी बॉनेटवर थाप मारतं, तो डोळे न चोळताच चावी फिरवतो. दमलो असं कधी म्हणत नाही. फारच झालं तर म्हणतो, “आज रस्ता लांबला.” गेल्या दोन-तीन वर्षांत रस्ता रोजच लांबत होता.

त्याच्या गाडीत एक गोष्ट अशी, जी या पट्ट्यातल्या कुठल्याच जीपमध्ये नाही. बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी तीन माणसं कोंबतात. चौथं गिअरच्या पलीकडे एक पाय टाकून बसतं. हिरूची पुढची डावी सीट रिकामी. मागे चौदा माणसं एकमेकांच्या मांडीवर असोत, कुणी लटकत असो, ती रिकामी. तिच्यावर मैनाने शिवलेल्या गोधडीचं कव्हर. ती आजारी माणसाची जागा. नाक्यावरचे बाकीचे ड्रायव्हर थट्टा करायचे, “हिरूचा देव बसतोय थितं.” तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही.

त्या सीटवरून किती जण दवाखान्यात गेले त्याची मोजदाद माझ्या रजिस्टरांत आहे. कळा लागलेल्या बाया, साप चावलेले दोघे, दम्याने निळी पडलेली चिंधी, भाताच्या मळणीत बोटं गेलेला नवशाचा भाऊ. महिन्यातून पाच-सहा दिवस ती सीट कामाला यायची. उरलेले दिवस तिथे गोधडी ऊन खात बसायची.

तशी ती का ठेवली, हे आता सांगते. वाडीला वाटतं की बहीण गेल्यापासून हिरूने नेम धरला. ते खरंच आहे, पण अर्धं.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवीन होते, चाळिशीला आलेली, इस्त्रीची साडी नेसून यायची. तेव्हा पुढची सीट म्हणजे मान. मी आले की आधी बसलेली माणसं उठायची. “बाई, तुमी पुढं.” मी बसायची, आणि बाईंच्या अंगाला अंग लागायला नको म्हणून शेजारी दुसरं कुणी बसायचं नाही. त्या दिवशीही मी एकटीच पुढे होते. हिरूची धाकटी बहीण पारू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता. पोटात दुखतंय म्हणून मैना तिला खाली दाखवायला नेत होती. दोघी मागे, दोन टोकांना, तांदळाच्या गोण्या आणि अकरा माणसांच्या मध्ये.

पारू वाटेत एक शब्द बोलली नाही. पुरुषमाणसांत काय बोलणार? वीस वर्षांची पोर. मी हिरूशी पोलिओच्या रविवारबद्दल बोलत होते, वाडीतली किती पोरं आईबापांबरोबर मजुरीला नदीपल्याड गेलीत वगैरे. कशेळ्यापर्यंत पाऊण तास. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. नाक्यावर सगळे उतरले आणि पारू उतरेना, तेव्हा बघितलं. बाक ओला होता, रक्ताने.

तशीच तिला कर्जतला नेली. मूल वाचवलं, मुलगी. पारू दुपारी गेली. अंगात रक्तच उरलं नव्हतं.

मातामृत्यूचा अहवाल मी भरला. विलंबाचं कारण या रकान्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘रुग्ण उशिरा आणला’. पुढे बसली असती तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. पण पुढे बसली असती तर मला दिसली असती.

तेराव्यानंतर गाडी पुन्हा चालू झाली. मी सवयीने पुढचं दार उघडलं. हिरू समोर बघत म्हणाला, “बाई, ती जागा आजारी मानसाची हाय.” एवढंच. मी दार लावलं आणि मागे जाऊन बसले. त्या दिवसापासून मी मागे. तो विषय त्याने पुढे कधी काढला नाही, मीही नाही. पारूच्या मुलीचं नाव हर्षला ठेवलं, मैनाने तिला आपल्या तान्ह्या पोराबरोबर अंगावर पाजून वाढवलं, आणि तिच्या प्रत्येक लसीची सुई मी टोचली. दर वेळी ती रडायची, आणि मला बरं वाटायचं.

तर आता जीप बंद पडली. सुनील मिस्त्री म्हणून खोपोलीला जुन्या हायवेवर हिरूच्या ओळखीचा माणूस आहे, क्लीनर असतानाचा दोस्त. त्याने गाडी ओढून नेली, इंजिन उघडलं आणि सांगितलं की यात आता राम नाही, दुसरं बसवायचं. त्याच्याकडे दोन होती. एक अपघातात चेपलेल्या पिकअपचं, मोठं, चांगल्या ताकदीचं. दुसरं एका जुन्या मोटारीचं, लहान, पण चालू आणि स्वच्छ. पैशाचं म्हणाल तर दोन्हींत फार फरक नव्हता. हिरू वाडीत येऊन हे सांगून गेला आणि वाडीने लगेच त्यांची नावंही ठेवली, थोरलं आणि धाकटं.

थोरलं बसवलं तर चौदा माणसं घेऊन गाडी नडगी चढून जाणार. कुणी उतरायला नको, दगड नको, धूर खायला नको. पण थोरलं लांबीला जास्त आणि डाव्या अंगाला त्याचं बोजड पाइपांचं लचांड. ते बसायला पुढचा पत्रा कापून आत घ्यावा लागणार, नेमका डाव्या सीटच्या पायाशी. ती जागा जाणार. धाकटं बसवलं तर काहीही कापायला नको, सीट राहणार, आणि नडगीही राहणार.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी समाजमंदिराच्या पायऱ्यांवर माणसं जमली. मीही होते. एवढ्या लोकांचं एका गोष्टीवर इतकं एकमत मी तिथे कधी बघितलं नव्हतं.

“मी सांगतो तुला,” नवशा म्हणाला. तो खालच्या फार्महाऊसांवर बांधकामाला जातो. “दिसभर घमेली व्हायची. सांजच्याला गाडीत बसलं का वाटतं, आता पाय मोकळे. तर लगी नडगी. माजी कंबर ऱ्हायली नाय रं हिरू. थोरलं बसव.”

“नि आजारी मानूस?” हिरूने विचारलं.

“मागल्या बाकावर. आमी नाय का देनार जागा?”

हिरू पायरीच्या दगडाकडे बघत होता. “गर्दीत आजारी मानूस कडंला जातो,” तो म्हणाला. “कुनी ढकलत नाय. तोच सरकतो.”

मग हर्षला उठली. सतरा वर्षांची आहे, कशेळ्याला बारावीत. आईसारखीच बारीक, पण आईसारखी गप्प नाही, देवाची कृपा.

“मामा, मी तुझ्या पाया पडते, पन आता पुरं,” ती म्हणाली. “नडगी चढून घरी आलं का पुस्तक उघडायला नको वाटतं. झोपच येते. यंदा बारावी हाय माजी. आनि ती सीट महिन्यातनं पंचवीस दिस रिकामीच असते की.”

हिरूने तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं, हे मला कळलं.

“बाईंना इचारा,” नवशा म्हणाला. “बाईंचा शब्द हिरू मोडायचा नाय. बाई, तुमीच सांगा त्याला.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी ‘बघू’ म्हटलं. सरकारी नोकरीत हा एक शब्द मी नीट शिकले आहे.

पुढच्या रविवारी हिरूबरोबर खोपोलीला गेले. उगाच नव्हे, वाडीने मला पाठवलंच होतं. गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्याच्या कडेला उभी होती, बॉनेट काढलेलं, पुढचा भाग पोकळ. दोन्ही इंजिनं शेजारी फरशीवर ठेवलेली. थोरलं खरंच थोरलं होतं, काळं, तेलाने माखलेलं. धाकट्यावर कुणीतरी चहाचे ग्लास ठेवले होते.

सुनील मिस्त्रीने थोरलं बसल्यावर पत्रा कुठवर आत येईल ते दाखवायला खोक्याचा पुठ्ठा कापून डाव्या सीटपुढे चिकटपट्टीने लावून ठेवला होता. “एवढी जागा उरते,” तो मला म्हणाला. “बसता येतं मॅडम, नाही असं नाही. जरा आखडून बसायचं. पायाला थोडं गरम लागेल, तिथे मी गोणपाट लावून देईन. आणि इंजिन पुढं सरकवायचं म्हणाल तर नाही सरकत, पंखा रेडिएटरला घासतो. सगळं बघितलंय मी.”

“तुमी काय म्हनता बाई?” हिरूने विचारलं.

एसटीत मी पूर्ण वेळ याचीच तयारी करत होते. म्हणायचं होतं की सीट ठेव. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? ती सीट म्हणजे माझ्यावरचा शेरा होता, सतरा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ वाचलेला. ती गेली असती तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. हे मी आज लिहिते आहे, त्या दिवशी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. आणि गुडघे खरंच दुखत होते.

“वाडी थोरलं म्हणते,” मी म्हटलं. “मीही दमलेय हिरूभाऊ. नडगी आता होत नाही मला.”

त्याने मान हलवली. माझ्यावर नाराज दिसला नाही, तेच मला जास्त लागलं. मग त्याने काय केलं, तर खांद्यावरचं कांबळं काढलं, त्याची गोल वळकटी केली आणि शर्टाची खालची बटणं उघडून ती पोटाशी आत सारली. वरून शर्ट ओढून घेतला. आणि डावीकडचं दार उघडून तो त्या सीटवर बसायला गेला.

सुनील मिस्त्री मोठ्याने हसला. “काय रं हिरू, कितवा?”

हिरू बसला. एक हात पोटाखाली, एक हात दाराच्या कडीला, अगदी आमच्या बाया बसतात तसा. सतरा वर्षं त्याने शेजारी बसून हेच बघितलं होतं. त्याचे गुडघे पुठ्ठ्याला लागले. त्याने पाय तिरके केले, तर पोट गिअरकडे वळलं. मागे रेलायला गेला, तर गुडघे वर आले आणि वळकटी छातीशी चेपली. त्याने पाय वर घेऊन बघितले. एकदा कुशीवर होऊनही बघितलं. त्याच्या कपाळाला घाम आला होता. बोरघाटाच्या पायथ्याशी, डिसेंबरात. सुनील मिस्त्री हसायचा थांबला होता.

मला तिथे उभं राहवेना. मी पाठ फिरवून बाहेर हायवेच्या कडेला गेले आणि परत आले, तेव्हा हिरू खाली उतरून कांबळं झटकत होता.

“धाकटं बसव,” तो सुनीलला म्हणाला.

“वाडी शिव्या घालंल तुला.”

“घालू दे.” मग जरा थांबून म्हणाला, “पुठ्ठ्याला एवढं लागतंय, तर पत्र्याला किती?”

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. कर्जत जवळ येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. “माजा पन रस्ता लांबलाय बाई,” तो आपणहून म्हणाला. “थोरलं बसवलं असतं तर मलाच सोपं झालं असतं. पयल्या गिअरला हात सुजतो.” मला बोलायचं होतं ते सतरा वर्षांपूर्वीचं होतं, आणि पुढच्या बाकावर कुणाचं तरी पोर रडत होतं.

धाकटं इंजिन आठवड्यात बसवून झालं. आरटीओत त्याची नोंद बदलून घ्यायला आणखी चार आठवडे गेले. त्यावर मी काही बोलत नाही, पगार मलाही सरकारच देतं. तोवर वाडी पायी उतरली, पायी चढली. धाकटं बसवल्याची बातमी पोचली होती. नवशाने हिरूशी बोलणं सोडलं होतं. दुसऱ्या एका गाडीवाल्याने नवी गाडी घेतली असून तो या रस्त्याला लावणार आहे, असंही ऐकू येत होतं. मैना मला म्हणाली, “पोरगी मामाच्या ताटात भाकर वाढत नाय बाई. मलाच वाढाया लागते.”

जानेवारी संपता संपता, एका शनिवारी दुपारी जीप पुन्हा कशेळ्याच्या नाक्यावर उभी राहिली. रविवारी पोलिओचे डोस होते, म्हणून मी लसींचा डबा घेऊन वर मुक्कामाला निघाले होते. गाडी भरली. शिव्या घालत का होईना, सगळे आले. दुसरी गाडी होती कुठे? हर्षला माझ्या समोरच्या बाकावर बसली होती, दप्तर छातीशी धरून, तोंड बाहेर करून. पुढे कुणीच नव्हतं. गोधडी धुतलेली दिसत होती.

सपाटीला धाकटं छान पळालं. आवाजही कमी. पण नडगीचा पायथा आला तशी गाडी कण्हायला लागली आणि हिरूने ती थांबवली. कुणालाच सांगावं लागलं नाही. एकेक जण उतरला. नवशाने कडेचा दगड उचलला, आधी तो जमिनीवर आपटला आणि मग पुन्हा उचलून चाकाशी जाऊन उभा राहिला. गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे, आम्ही मागे.

पहिल्याच वळणाला मी मागे पडले. हर्षला माझ्यासाठी थांबली, पण मायेने नव्हे.

“तुमी एक शब्द बोलला असता तर मामानी ऐकलं असतं,” ती म्हणाली. “तुमी गेलाच कशाला व्हता खोपोलीला?”

“बोलले. थोरलं बसव म्हणून बोलले.”

“मग?”

मी थांबले. डबा खाली ठेवला. छाती धपापत होती, त्यामुळे वाक्यं जुळवायला सवडच मिळाली नाही, आणि ते बरंच झालं.

“तुझी आई त्या दिवशी मागच्या बाकावर बसली होती,” मी म्हटलं. “गोण्यांमध्ये. पुढची सीट मोकळी नव्हती. त्या सीटवर मी होते. एकटी. तिला मागे रक्त जात होतं आणि मी पाऊण तास मान वळवली नाही. मामाने मला कधी बोलून दाखवलं नाही. पण ती सीट त्याने तेव्हापासून रिकामी ठेवलीय, आणि मी मागे बसते. म्हणून धाकटं.”

हर्षला माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता का, मला सांगता येणार नाही. सुई टोचताना बघायची तशीच बघत होती, आता दुखणार हे माहीत असलेली. ती वळली आणि भराभर चढून पुढे गेली. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. तेही बरोबरच होतं. मी डबा उचलला. बर्फाने भरलेला डबा फार जड असतो.

दुसऱ्या वळणावर गाडी थांबलेली होती. नवशाने चाकामागे दगड लावला होता. मला वाटलं धाकटंही बसलं. पण इंजिन चालू होतं. हर्षला डावीकडच्या दाराशी उभी होती. तिने मामाला काय सांगितलं किंवा सांगितलं तरी का, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी जवळ पोचले तसा हिरू आतून वाकला.

“बाई,” तो म्हणाला, “तुमचा रस्ता लांबलाय. पुढं बसा.”

“ती जागा आजारी माणसाची आहे,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय मला. मीच तर सांगितली व्हती.” त्याने गोधडीवरून हात फिरवला. “तुमचे गुडगे बगतोय मी आरशातनं, दोन वर्सं झाली. बसा. गाडी उतारावर उबी हाय.”

हर्षलाने माझ्या हातातला डबा घेतला. क्षणभर मला वाटलं, ती तो घेऊन चालू लागेल. तिने दार उघडलं आणि माझ्या कोपराला आधार दिला. जरा घट्टच, पण दिला.

मी बसले. दोन्ही पाय सरळ पुढे पसरले आणि कुठेच काही लागलं नाही. एवढी जागा होती तिथे! मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. हिरू समोर बघत राहिला. नवशाने दगड काढला, गाडी कण्हत पुढे निघाली.

त्या सीटवरून सगळा रस्ता दिसतो. सतरा वर्षांनी दिसत होता, पण मी तिकडे बघितलं नाही. सीटच्या पाठीला धरून मागे वळले. मागच्या बाकांपलीकडे, धुरात, चौदा माणसं चढत होती. नवशा दगड घेऊन, चिंधी कमरेवर हात ठेवून, आणि कडेने हर्षला, पाठीला दप्तर आणि डोक्यावर माझा निळा डबा. मी एकेकाचा चेहरा बघत होते. कुणाला काही होतंय का, कुणी कडेला सरकतंय का. वरच्या सपाटीपर्यंत मी तशीच बसले. मान दुखायला लागली, तरी पुढे वळवली नाही.